आधी निदान, मग ॲडिटिव्ह

मार्केट यार्डातून महात्मा फुले मंडईत भाजी आणणाऱ्या टेम्पोवाल्यांत आणि गुलटेकडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांत एक समज घट्ट रुजला आहे. टाकीत बाटलीभर ॲडिटिव्ह ओतले की ॲव्हरेज वाढतो, धूर कमी होतो, नोझल साफ राहतात. ज्याची खात्री पटलेली नसते, तोही शेवटी म्हणतो, ‘टाकून बघायला काय जातंय?’ उलट बाजूला, हे सगळे थोतांड आहे असे ठासून सांगणारेही पुष्कळ आहेत. ही दोन्ही मते उथळ आहेत, कारण गाडीला नेमके झाले काय आहे, हे दोघेही विचारत नाहीत.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ॲडिटिव्ह हे एका ठरावीक दोषावरचे ठरावीक रसायन आहे. दोष सिद्ध झाला असेल तर ते उपयोगी पडते, नसेल तर तो निव्वळ खर्च असतो. पुण्याच्या हवामानात चालणाऱ्या, अधिकृत पंपावर डिझेल भरणाऱ्या आणि वेळेवर देखभाल होणाऱ्या ट्रकला वेगळ्या बाटलीची गरज नसते. बीएस-६ (भारत स्टेज ६) गाडीत तर चुकीची बाटली हजारोंचे नुकसान करू शकते. हे मी पाच पायऱ्यांनी मांडतो आणि मग आक्षेपांकडे वळतो.

१. पंपावरचे डिझेल कोरे नसतेच

बाटली विकणारा असे गृहीत धरायला लावतो की पंपावरचे डिझेल म्हणजे अपुरे इंधन आणि त्यातली उणीव आपण भरून काढायची. वस्तुस्थिती वेगळी आहे. बीएस-३ डिझेलमध्ये दर दशलक्ष भागांत ३५० भाग गंधक चालत असे. २०१० साली ज्या १३ शहरांत बीएस-४ इंधन आले त्यांत पुणे होते. तिथे ही मर्यादा ५० वर आली. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले आणि मर्यादा १० झाली.

गंधक काढण्यासाठी रिफायनरीत डिझेलवर हायड्रोजनची प्रक्रिया होते. तिच्यात गंधकाबरोबर डिझेलचे नैसर्गिक वंगण देणारे घटकही निघून जातात. ‘आता डिझेल कोरडे झाले, गाडीचा पंप घासतो’ ही ट्रकवाल्यांची तक्रार म्हणूनच बिनबुडाची नाही. मात्र ही उणीव रिफायनरीला ठाऊक आहे आणि तिथेच ती वंगणवर्धक रसायन मिसळून भरून काढली जाते. भारतीय मानक आयएस १४६० त्यासाठी चाचणी ठरवून देते: ६० अंश तापमानाच्या डिझेलमध्ये पोलादी गोळी चकतीवर घासायची, आणि पडलेला घासाचा डाग ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा असता कामा नये. सीटेन क्रमांक किमान ५१ हवा, पाण्याचे प्रमाण मर्यादेत हवे, हेही त्याच मानकात आहे.

याचा अर्थ ॲडिटिव्ह तुमच्या टाकीत आधीच आहे, मोजून मिसळलेले आणि तपासलेले. बाटली ओतणारा माणूस पहिला डोस देत नसतो, वरचा डोस देत असतो. सीटेनचेही तसेच. सीटेन कमी असेल तर इंजिन थंडीत खडखडते, उशिरा पेट घेते. पण जे इंजिन ५१ सीटेनवर नीट चालण्यासाठीच बनवले आहे, त्याला ५५ दिले म्हणून त्याची ताकद वाढत नाही.

२. लिटरमध्ये असते तेवढीच ऊर्जा मिळते

दुसरी पायरी ऊर्जेची. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. हजार भाग डिझेलला एक भाग या प्रमाणात मिसळलेले रसायन त्यात मोजण्याजोगी भर घालू शकत नाही. म्हणून विक्रेता म्हणतो, ‘ऊर्जा वाढत नाही, पण डिझेल पूर्ण जळतं.’ हे ऐकायला पटते. पण सुस्थितीतल्या डिझेल इंजिनात ९८ टक्क्यांहून अधिक इंधन आधीच जळते. न जळलेला भाग इतका थोडा आहे की तो सगळा वाचवला, तरी पंधरा-वीस टक्के ॲव्हरेज वाढणे शक्य नाही.

मग बाकीचे डिझेल जाते कुठे? निम्म्याहून अधिक ऊर्जा सायलेन्सरवाटे आणि रेडिएटरवाटे उष्णता होऊन निघून जाते. चाकापर्यंत पोचते त्यातली काही टायर रस्त्यावर घासण्यात, काही हवा कापण्यात, काही दर सिग्नलला ब्रेक मारण्यात संपते. या गळतीपैकी एकीवरही बाटलीचा इलाज चालत नाही. टायरमधली हवा, अडकणारा ब्रेक, चोंदलेला एअर फिल्टर, घसरणारा क्लच आणि ड्रायव्हरचा पाय यांकडे लक्ष देण्याचा मात्र चालतो.

यावरून एक कसोटी मिळते. बाटलीने खरोखरच मोठा फरक पडला, तर इंजिनात आधी मोठा बिघाड होता असा त्याचा अर्थ. मग प्रश्न बाटलीचा उरत नाही, बिघाडाचा होतो. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त जाते: एअर फिल्टर, टर्बोची गळती, ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत नेणारी झडप), नोझल किंवा जादा भार. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर न जळलेले डिझेल किंवा कूलंट बाहेर पडते आहे. प्रत्येकाचे कारण वेगळे, दुरुस्तीही वेगळी. या तिन्हींवर एकच बाटली चालते असे सांगणाऱ्याने यांपैकी एकाचेही निदान केलेले नाही.

३. ‘मी स्वतः अनुभव घेतलाय’ हा पुरावा का पुरत नाही

ॲडिटिव्हचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे अनुभव. ट्रकवाला खोटे बोलत नसतो. ॲव्हरेज वाढलेला त्याने खरेच पाहिलेला असतो. प्रश्न आहे तो कशाने वाढला याचा.

पहिले कारण असे की बाटली टाकली जाते तीच मुळी ॲव्हरेज सर्वांत खाली गेल्यावर. पावसात खंबाटकी घाटात गाडी तासभर अडकली, मालही जास्त होता, ॲव्हरेज घसरला, म्हणून बाटली आणली. पुढच्या खेपेला रस्ता मोकळा मिळाला आणि आकडा नेहमीच्या जागी आला. काही टाकले नसते तरी तो आलाच असता. दुसरे कारण, पैसे खर्च केले की माणूस मीटरकडे लक्ष देतो, गाडी जपून हाकतो. तिसरे, बाटलीबरोबर बहुधा सर्व्हिसिंगही झालेले असते. डिझेल फिल्टर बदलला जातो आणि श्रेय बाटलीला मिळते. चौथे, टाकी भरताना पंपाचे नोझल कुठे थांबले यावरूनच लिटर-दोन लिटरचा फरक पडतो, आणि पन्नास लिटरच्या हिशेबात तो चार टक्क्यांपर्यंत जातो.

ज्याला खरेच पडताळायचे आहे, त्याच्यासाठी मार्ग आहे. एकच पंप, एकच मार्ग, शक्यतो सारखाच भार. टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचे किलोमीटर आणि लिटर वहीत लिहायचे. चार टाक्या काही न मिसळता, चार टाक्या मिसळून, आणि कोणत्या टाकीत काय आहे हे ड्रायव्हरला सांगायचे नाही. न मिसळलेल्या चार टाक्यांचे आकडे आपापसांतच पाच-सात टक्क्यांनी खालीवर झाले, तर दोन टक्के फायद्याचा दावा त्या वहीवरून ना सिद्ध होतो, ना खोडता येतो. अनुभवाचा मान राखायचा तर तो मोजूनच राखावा लागतो.

४. खिशाचा हिशेब

आता रुपयांत मांडू. उदाहरणापुरते धरू की बाटली ३०० रुपयांची आहे आणि ६० लिटरला पुरते. म्हणजे लिटरमागे ५ रुपये. डिझेल ९० रुपये लिटर धरले तर नुसता खर्च भरून निघायलाच साडेपाच टक्के बचत व्हायला हवी. दहाचा ॲव्हरेज देणारा टेम्पो साडेदहाच्या वर गेला, तर कुठे बरोबरी होते. फायदा त्याच्याही पुढे. महिन्याला २०० लिटर जाळणाऱ्या गाडीत हा खर्च महिन्याला हजार, वर्षाला बारा हजार होतो. तेवढ्यात वर्षभराचे फिल्टर येतात, चाकांचे अलाइनमेंट होते, हवा तपासायचा चांगला गेज येतो. मोठा ट्रक असेल तर आकडे त्या प्रमाणात वाढतात.

शिवाय मंडईतल्या खेपांचे स्वरूप पाहा. मार्केट यार्ड ते मंडई अंतर काही किलोमीटरांचे. वाटेत स्वारगेटचा चौक, पुढे शिवाजी रस्त्याची कोंडी. माल उतरेपर्यंत इंजिन चालूच ठेवण्याची सवय. लहान डिझेल इंजिनसुद्धा जागेवर उभे राहून तासाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त पिते. रोज अर्धा तास इंजिन बंद ठेवले तर महिन्याला सात-आठ लिटर वाचतात, म्हणजे सहा-सातशे रुपये. या बचतीला चाचणीची, कंपनीच्या दाव्याची गरज नाही. चावी फिरवली की ती सुरू होते.

५. बीएस-६ गाडीत ‘काय जातंय’ याचे उत्तर

जुन्या टाटा ४०७ टेम्पोमध्ये बाटली वाया गेली तर तीनशे रुपये वाया जात. २०२० नंतरच्या गाडीत तेवढ्यावर भागत नाही. कॉमन रेलमध्ये डिझेल अठराशे बार आणि त्याहून अधिक दाबाने फवारले जाते आणि इंजेक्टरमधल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. त्यापुढे सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी गाळणी असते. मोठ्या ट्रकांत याशिवाय युरियाच्या द्रावणावर चालणारी एससीआर यंत्रणा असते.

डीपीएफमध्ये दोन गोष्टी साठतात, काजळी आणि राख. काजळी साडेपाचशे-सहाशे अंशांना जळून जाते. यालाच रिजनरेशन म्हणतात. राख जळत नाही. लोह, मँगनीज, सिरियम यांसारखे धातू असलेले ॲडिटिव्ह जळल्यावर राखच मागे ठेवते. वाहन आणि इंजिन उत्पादकांच्या जागतिक इंधन सनदेत धातूयुक्त ॲडिटिव्ह टाळण्याची शिफारस आहे ती याच कारणाने. टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल) डिझेलमध्ये मिसळण्याची आपल्याकडची जुनी सवयही नव्या गाडीत टाळलेली बरी. ते तेल इंजिन ऑइलसारखे थेंबाथेंबाने जळत नाही, प्रत्येक लिटरबरोबर जळते, आणि त्यातल्या राख देणाऱ्या घटकांचा सगळा भार गाळणीवर येतो.

मंडईच्या गाड्यांना हा धोका जास्त आहे. आखूड खेपा, कमी वेग, थंड सायलेन्सर. रिजनरेशन सुरू होते न होते तोच गाडी मंडईच्या दारात उभी राहते आणि इंजिन बंद होते. असे वारंवार झाले की डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागतो. अशा वेळी कोणीतरी ‘क्लीनर’ची बाटली हातात देतो. गाडी मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे कात्रजच्या पुढे महामार्गावर एका वेगाने चालवणे किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये रिजनरेशन करून घेणे, हा त्यावरचा पहिला उपाय आहे. ते टाळत गेले की शेवटी डीपीएफ कापून काढण्याचा सल्ला मिळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा परस्पर बदल करता येत नाही. आणि त्याचा भुर्दंड मालकाबरोबर मंडईलाही पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला. मंडईच्या दारात तो धूर दिवसभर छातीत भरून घेणारे लोक म्हणजे गाळ्यावरचे विक्रेते, पथारीवाल्या बायका आणि बाबा आढावांनी ज्यांची पंचायत उभी केली ते हमाल.

युरियाचे द्रावण, म्हणजे डीईएफ, हे डिझेलचे ॲडिटिव्ह नव्हे. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असते आणि त्याची टाकी स्वतंत्र असते. ते चुकून डिझेलच्या टाकीत गेले तर चावीसुद्धा फिरवू नये. आधी टाकी रिकामी करून घ्यावी.

जिथे ॲडिटिव्ह खरोखर लागते

इथवर वाचून कोणी ‘म्हणजे थोतांडच’ असा निष्कर्ष काढील, तर तोही चुकेल.

पहिली जागा कडाक्याची थंडी. डिझेलमधले मेण गोठते आणि फिल्टर बंद होतो. आपल्या मानकात हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिले पाहिजे अशी अट आहे. पुण्यात पारा त्याखाली क्वचितच जातो, पण लडाखला निघालेल्या ट्रकसाठी ही अट पुरणारी नाही. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल तिथेच पुरवायला सुरुवात केली ती त्यामुळे. आणि गोठणरोधक रसायन मेण जमण्यापूर्वी टाकावे लागते, नंतर टाकून उपयोग नाही.

दुसरी जागा पाणी आणि जंतू. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात उभी राहिली की हवेतल्या दमटपणाचे थेंब आत धरतात. पाणी जड, ते तळाशी बसते आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून फिल्टरमध्ये काळा चिकट गाळ येतो. तपासणी सोपी आहे. सकाळी गाडी सुरू करण्याआधी वॉटर सेपरेटरच्या बुडाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घ्यायचे आणि पाच मिनिटे थांबायचे. पाणी असेल तर खाली स्वच्छ थर बसतो, वर पिवळसर डिझेल, मध्ये सरळ रेषा दिसते. पाणी निघाले तर ते काढून टाकणे हाच पहिला उपाय. पाणी डिझेलमध्ये विरघळवून टाकणारे ॲडिटिव्ह तेच पाणी इंजेक्टरपर्यंत नेऊन पोचवते, हे विसरू नये. जंतूंचा गाळ सापडला तर टाकी धुऊन मगच जंतुनाशक वापरायचे.

तिसरी जागा इंजेक्टरवर जमलेले थर. आधुनिक इंजेक्टरच्या तोंडावर आणि आतही थर धरतात, फवारा बिघडतो, आणि चांगल्या प्रतीचे डिटर्जंट ॲडिटिव्ह ते कमी करते. इथे फायदा खरा आहे. मात्र स्कॅनरवर दिसणारे सिलिंडरनिहाय इंधन-समायोजनाचे आकडे आणि नोझलची बेंच चाचणी पाहूनच ते ठरवावे. झिजलेले नोझल कोणत्याही डिटर्जंटने पूर्ववत होत नाही.

आक्षेप आणि उत्तरे

*तेल कंपन्याच ॲडिटिव्हवाले डिझेल विकतात, मग ते उपयोगी नाही कसे?* हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. जिओ-बीपीने २०२३ मध्ये जादा दर न घेता ॲडिटिव्हयुक्त डिझेल आणले आणि ४.३ टक्क्यांपर्यंत इंधनबचतीचा दावा केला. तो दावा कंपनीचा आहे आणि त्यात ‘पर्यंत’ हा शब्द आहे, हे लक्षात ठेवूनही मी म्हणेन की नोझल स्वच्छ ठेवण्याचा हा चांगला मार्ग आहे. प्रमाण ठरलेले, मिश्रण एकसारखे, जबाबदारी कंपनीची. त्याच दरात मिळत असेल तर अवश्य घ्यावे. जादा दर असेल तर वरचाच हिशेब मांडावा. पण त्यातून एवढेच सिद्ध होते की योग्य रसायन योग्य प्रमाणात उपयोगी असते. दुकानातली कोणतीही बाटली उपयोगी असते, हे त्यातून निघत नाही.

*माझी गाडी जुनी आहे, तिला नवे डिझेल मानवत नाही.* जुन्या रोटरी पंपाला वंगण डिझेलमधूनच मिळते, ही काळजी रास्त आहे. पण ४६० मायक्रॉनची मर्यादा याच काळजीपोटी आहे. पंप तरीही कुरकुरत असेल तर बेंचवर तपासून घ्या. झिजेचे माप मिळेल आणि निर्णय त्यावर घेता येईल.

*डिझेलमध्येच भेसळ असते.* असते, आणि महाराष्ट्राने त्याची किंमत मोजली आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलमाफियांनी अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळले. पण रॉकेल मिसळलेल्या डिझेलला बाटली शुद्ध करत नाही. भेसळीवर उपाय म्हणजे पंपावरचा हक्क बजावणे: घनता तपासून मागणे, नोंदवहीतल्या आकड्याशी ताडून पाहणे आणि पक्के बिल जपून ठेवणे. स्वस्तात मिळणारे ‘बायोडिझेल’ ड्रममधून भरून वर ॲडिटिव्ह टाकणे म्हणजे विषावर सरबत पिणे आहे.

*मेकॅनिकनेच सांगितले.* अनुभवी मिस्त्रीच्या कानाला मी मान देतो. त्याने ‘तिसरं नोझल टपकतंय, हे डिटर्जंट दोन टाक्या वापर आणि मग दाखव’ असे सांगितले, तर ते निदान आहे. ‘सगळ्यांनाच देतो, टाक’ ही विक्री आहे.

ओझे कोणावर

शेवटी हा प्रश्न पुराव्याचे ओझे कोणी वाहायचे याचा आहे. खर्चाबद्दलचा असाच प्रश्न मंडईच्या इतिहासातही आहे. महात्मा फुले मंडई १८८६ मध्ये उघडली. तिच्यावर होणाऱ्या खर्चाला नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच वास्तूला त्यांचे नाव दिले गेले. खर्च होतो कोणाच्या पैशाने आणि लाभ कोणाचा, हा प्रश्न तिथल्या टेम्पोमालकाने स्वतःच्या टाकीबाबतही विचारला पाहिजे. ज्याच्या हप्त्यावर गाडी उभी आहे, त्याने स्वतःच्या इंजिनावर प्रयोग करून दुसऱ्याच्या मालाची सत्यता शोधावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. दावा विक्रेत्याचा, तर पुरावाही त्यानेच आणावा.

म्हणून बाटली पुढे आली की चार गोष्टी लेखी मागा. हे नेमक्या कोणत्या दोषावर आहे? यात धातू किंवा राख देणारा घटक नाही, याची हमी आहे का? मिसळल्यावर डिझेल आयएस १४६० मध्ये बसते का? आणि माझ्या गाडीच्या उत्पादकाने याला मान्यता दिली आहे का, की वॉरंटी जाईल? चारांपैकी एकाचे जरी उत्तर मिळाले नाही तर बाटली परत करा, आणि तेच पैसे एअर फिल्टर, टायरची हवा आणि नोझलच्या तपासणीवर खर्च करा. वाहतूकदारांच्या संघटनांनीही आपल्या सभासदांसाठी एक सामाईक वही आणि एक विश्वासू बेंच चाचणी केंद्र ठरवावे. दहा गाड्यांची नीट ठेवलेली वही शंभर सल्ल्यांपेक्षा मोलाची ठरेल. दोष मोजला गेला असेल तर ॲडिटिव्ह जरूर वापरा. मोजला नसेल तर टाकीत डिझेलशिवाय काहीही टाकू नका.